बागेत आणि टेकडीवर राहणारे लोक: आपल्या वॉकिंग-ट्रेकिंगवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळी झाली की इंदूरात आपल्या ग्रुपवर हाच विषय सुरू होतो. कोणी नेहरू पार्कच्या भिंतीशी झोपलेल्या लोकांचा फोटो टाकतं, कोणी राळामंडळच्या टेकडीमागे तंबू दिसले म्हणून घाबरलेलं असतं, मग दहा जण "निगमला (महापालिकेला) कळवा" म्हणतात, दोन जण माणुसकीवर भाषण देतात आणि रात्रीपर्यंत विषय गुड नाइटच्या फुलांखाली गाडला जातो. पुढच्या रविवारी परत तेच. म्हणून तेच तेच प्रश्न एकदाचे इथे लिहून ठेवतेय. नवीन मेंबर आले की त्यांनाही हेच वाचायला द्या.

हे लोक आहेत तरी कोण? आणि थंडीतच का वाढतात?

थंडीमुळे नाही वाढत, शेतीमुळे वाढतात. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी इकडे डोंगरउतारावरची शेती, पाणी पावसाचं, मका-सोयाबीन निघालं की पुढे शेतात काही नसतं. मग सगळं घरच्या घर उचलून भिल्ल-भिलाला कुटुंबं इंदूरला येतात, बांधकामावर, खोदाईवर, रस्त्याच्या कामावर. ठेकेदाराने साइटवर जागा दिली तर तिथे राहतात, नाही दिली तर सकाळी ज्या चौकात मजुरी मिळते त्याच्या आसपास, पुलाखाली, बागेच्या भिंतीला लागून. होळीच्या आधी भगोरियाचे हाट सुरू झाले की यातले बरेच जण परत गावी. तुमच्या फोटोतली अर्धी मंडळी म्हणजे ही, यांना गाव आहे, घर आहे, मतदार यादीत नाव आहे, इथे फक्त छप्पर नाही.

बाकीचे वेगवेगळे. एमवाय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या बाहेर जे झोपतात ते पेशंटचे नातेवाईक, खरगोन-खंडव्याहून आलेले, लॉज परवडत नाही. लग्नसराईत केटरिंगवर भांडी घासणारी पोरं. भंगार वेचणारे. सिग्नलवर फुगे-पेन विकणारी कुटुंबं. आणि मग ते, ज्यांना खरंच कुठेही जायला जागा नाही, मुलाने सोडून दिलेले म्हातारे, डोकं फिरलंय म्हणून घरातून निघून गेलेले, दारूत सगळं गेलेले. आपल्या डोळ्यात भरतात ते हे शेवटचे, म्हणून वाटतं सगळे असेच.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा म्हणजे पुढची बरीच उत्तरं आपोआप कळतील: माणूस कुठे झोपतो ते त्याचं काम कुठे आहे त्यावर ठरतं. बाग आवडते म्हणून कोणी बागेत झोपत नाही.

सरकार बेघर कोणाला म्हणतं?

जनगणनेत जे उघड्यावर, फुटपाथवर, ह्यूम पाइपात, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळात-मंडपात, रेल्वे प्लॅटफॉर्मवर राहतात ते. २०११ ला देशात असे १७.७ लाख निघाले, त्यातले ९ लाखांवर शहरात. एका रात्रीत मोजणी होते, त्यामुळे पोलिसाला घाबरून जो गल्लीत सरकला तो त्यात नाही.

राळामंडळ, तिंछा, जानापाव, पातालपानी अशा ट्रेकच्या जागांकडे जे तंबू दिसतात ते पण बेघरच का?

जवळपास कधीच नाही. आणि इथेच आपल्या लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, त्यामुळे जरा लांब लिहिते.

उंट, मेंढ्या, आणि लाल-पांढऱ्या पागोट्यातले पुरुष दिसले तर ते राजस्थानचे रेबारी, पाली-जालोरकडचे. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात येतात. त्यांचा डेरा जवळून बघा कधी (लांबूनच, परवानगी घेऊन): उंटाच्या पाठीवर उलटी खाट बांधलेली आणि त्या खाटेच्या पायांमध्ये जाळीत कालची जन्मलेली कोकरं, डोकी बाहेर काढून, शेजारी पाण्याचे कॅन आणि एक पत्र्याची पेटी. शेतकरी यांना हाकलत नाहीत, उलट बोलावतात, रात्री शेतात मेंढ्या बसवल्या की खत पडतं आणि त्याचे पैसे किंवा धान्य देतात. त्यांना बेघर म्हणून तक्रार करणं म्हणजे वारीतल्या माणसाला पत्ता विचारण्यासारखं आहे.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली बायका-पोरं टोपल्या घेऊन, बाजूला चूल, गोधडी, तर ती मोहवाली. मोह रात्री गळतो आणि पहाटे वेचावा लागतो, उशीर केला तर गुरं खातात, म्हणून झाडाखालीच मुक्काम. मे महिन्यात तेंदूपत्तावाले. चोरल-काळाकुंडकडे पत्र्याच्या खोल्या आणि निळ्या ताडपत्र्यांची लांब ओळ दिसली तर ते महू-खंडवा लाइनचं गेज बदलायचं काम नाहीतर इच्छापूर हायवेच्या बोगद्याचं काम, बाहेरच्या राज्यातले मजूर. बडवाहच्या रस्त्यावर पांढरे कपडे, काठी, कमंडलू, तर नर्मदा परिक्रमावासी, त्यांना नमस्कार करा आणि चहा पाजा. जानापावला कुटीवर साधू आहेत ते कायमचेच.

म्हणजे बघा, टेकडीवर तोच राहतो ज्याचं काम टेकडीवर आहे. शहरातला मजूर जंगलात जाऊन का झोपेल? सकाळी सातला चौकात उभा नसेल तर त्याची दिवसाची मजुरी गेली.

पण जंगलात राहणं बेकायदेशीर आहे ना?

राळामंडळ हे अभयारण्य आहे, १९८९ पासून, तिथे आत परवानगीशिवाय मुक्काम कोणालाच नाही, ना त्यांना ना आपल्याला. वर होळकरांची शिकारगाह आहे तिथपर्यंत तिकीट काढून दिवसा जा आणि या. बिबट्याही आहे तिथे, त्यामुळे नियम उगाच नाही. राखीव जंगलात १९२७ चा वन कायदा लागतो.

पण दुसरी बाजूही कायद्यातच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासींचा हक्क मानलाय, आणि दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत काढता येत नाही असं स्पष्ट आहे. चराईचे, मोह-तेंदू गोळा करायचे हक्कही त्यातच, आणि भटक्या पशुपालकांचा हंगामी वावरही. तर झोपडी दिसली की "अतिक्रमण!" म्हणून ओरडायच्या आधी हे माहीत असावं. ठरवायचं काम ग्रामसभा आणि जिल्हा समितीचं आहे, संडे ट्रेकवाल्यांचं नाही.

बागेत किंवा फुटपाथवर झोपणं गुन्हा आहे का?

बाग बंद व्हायच्या वेळेनंतर आत थांबणं नियमाविरुद्ध, चौकीदार काढू शकतो. नुसतं बेघर असणं गुन्हा नाही. भीक मागण्यावर मध्य प्रदेशात १९७३ चा कायदा आहे, पण झोपलेला प्रत्येक माणूस भीक मागत नसतो.

लोक सुप्रीम कोर्टाच्या १९८५ च्या ऑल्गा टेलिस निकालाचं नाव घेतात, मुंबईच्या फुटपाथवाल्यांचा. त्यात कोर्टाने म्हटलं की जगण्याच्या हक्कात पोट भरायचा हक्कही येतो, आणि हटवायचं तर नोटीस देऊन, ऐकून घेऊन. हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच निकालात हटवायला शेवटी परवानगीही दिलीये, फक्त पावसाळा जाऊ द्या, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत थांबा म्हणून, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणजे "कोर्टाने फुटपाथ त्यांना दिला" हेही खोटं आणि "कधीही उचला" हेही खोटं.

मग निगमला कळवायचं की नाही? ३११ वर टाकलं तर काय होतं?

काय लिहिता त्यावर आहे. इंदूर ३११ ॲपवर "अतिक्रमण" म्हणून टाकलंत तर रिमूव्हलची गाडी येते, सामान भरते, माणसं दोन गल्ल्या पलीकडे जातात, आठवड्याने परत. सामानात काय जातं ते बघितलंय मी. आमच्या बाजूच्या बागेच्या भिंतीला एक बाई राहायची, छताला निवडणुकीचा जुना फ्लेक्स, उमेदवाराचे हात जोडलेले, चारी कोपऱ्यांना विटा बांधून. आत कुकर, मुलाचं दप्तर, आणि प्लास्टिकच्या पिशवीत पिशवी करून ठेवलेले कागद, आधार, समग्र आयडीची (राज्याच्या कुटुंब-नोंदणी क्रमांकाची) चिठ्ठी, जातीचा दाखला. गाडीत सगळं गेलं. फ्लेक्स तर दुसरा मिळाला, कागद करायला ती कित्येक महिने फिरत होती.

आणि जानेवारी २०२१ विसरू नका. कडाक्याच्या थंडीत निगमच्या लोकांनी बेघर म्हाताऱ्यांना ट्रकमध्ये भरून देवास रोडला क्षिप्राजवळ नेऊन उतरवायला सुरुवात केली, गावकऱ्यांनी अडवलं, व्हिडिओ काढला, तेव्हा परत गाडीत चढवलं. देशभर छी-थू झाली, उपायुक्त निलंबित झाले. स्वच्छतेत सलग पहिले नंबर घेणाऱ्या शहराचा तो दिवस आहे, आपण पोह्यांवर शेव टाकत सर्वेक्षणाच्या गप्पा मारतो तेव्हा हे सहसा कोणाला आठवत नाही.

तर कळवा, पण "हटवा" लिहू नका. "इथे वयस्क व्यक्ती एकटी आहे, रैन बसेऱ्याची मदत हवी" (म्हणजे बेघरांच्या रात्रनिवाऱ्याची) असं लिहा, नेमकी जागा आणि वेळ टाका, आणि तोंडाचा फोटो नका टाकू. ३११ वर काही हललं नाही तर सीएम हेल्पलाइन १८१.

रैन बसेरे आहेत ना? मग हे लोक तिथे का जात नाहीत?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि "यांना सवयच झालीये" हे उत्तर चुकीचं.

आधी हिशोब. केंद्राच्या शहरी उपजीविका मिशनचा नियम होता: दर एक लाख लोकसंख्येला किमान शंभर जणांची कायमची सोय, माणशी ५० चौरस फूट, वर्षभर चालू, फक्त थंडीत नाही. २०११ च्या जनगणनेनेच इंदूर १९ लाखांवर होतं, म्हणजे तेव्हाच शंभर-शंभर जणांचे वीसेक निवारे हवेत. आजचं शहर कुठल्या कुठे गेलंय.

मग कारणं, जी लोक स्वतः सांगतात. पहिलं, कुटुंब तुटतं. पुरुषांचा हॉल वेगळा, बायकांचा वेगळा, आणि नवरा-बायको-तीन पोरं घेऊन आलेला मजूर बायकोला अनोळखी जागी ठेवून दुसरीकडे झोपत नाही. दुसरं, लांब पडतं, सकाळी चौकात पोचायला ऑटोचे पैसे घालायचे तर मजुरीत काय उरलं. तिसरं, सामान: हातगाडी, भंगाराचं पोतं, कुत्रा, हे आत घेत नाहीत, आणि बाहेर ठेवलं तर सकाळी नसतं. चौथं, रात्री उशिरा काम सुटतं, केटरिंगवाली पोरं एक-दोनला सुटतात तेव्हा दार वाजवून उघडत नाही. पाचवं, दारू. पिऊन आलेल्याला घेत नाहीत, ते बरोबरही आहे, पण मग त्याने जायचं कुठे याला कोणाकडे उत्तर नाही. शिवाय ढेकूण, ब्लँकेटचा वास, मोबाइल चोरी.

तरी एकट्या म्हाताऱ्या माणसाला, पेशंटच्या नातेवाइकाला निवारा चांगलाच उपयोगी पडतो, त्यांना जरूर सांगा. मिशनच्या नियमांत तर राहणाऱ्यांना ओळखपत्र, रेशन, पेन्शन मिळवून द्यायला मदत करायची असंही लिहिलेलं. सांगताना नुसतं "रैन बसेऱ्यात जा" नका म्हणू, जवळचा कुठला, कुठल्या सिटी बसने, ते सांगा.

एक माणूस बागेत स्वतःशीच बोलत असतो, अंगावर कपडे नसतात. काय करायचं?

हा मेडिकल मामला आहे, अतिक्रमणाचा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० प्रमाणे असा माणूस स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल तर त्याला संरक्षणात घेणं आणि २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात तपासायला नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे, लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, आणि बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. ११२ ला फोन करताना कलम १०० असं नाव घेऊन सांगा, फरक पडतो. इंदूरला बाणगंगेला मानसिक रुग्णालय आहे. जखम, ताप, बेशुद्ध असेल तर आधी १०८. काय बोलायचं, कसं जवळ जायचं याचा सल्ला हवा असेल तर टेलिमानस १४४१६.

मूल एकटं दिसलं तर १०९८. वयस्क माणूस सोडून दिलेला वाटला तर एल्डरलाइन १४५६७. हे नंबर फोनमध्ये सेव्ह करा, ग्रुपवर विचारत बसू नका.

पहाटे एकटी धावायला जाते, भीती वाटते. हे बोलणंही चुकीचं का?

अजिबात नाही. ताई, भीती वाटली तर वाटली, त्यावर कोणी लेक्चर देऊ नये. अंधारात कोणीही अनोळखी माणूस असला की भीती वाटतेच. लाइट नसलेला ट्रॅक टाळा, दोघी-तिघी जा, एक कान तरी मोकळा ठेवा, कोणी अंगावर आलं, पाठलाग केला तर सरळ ११२.

फक्त कोणाची भीती ते नीट बघा. बागेत त्रास देणारे जे असतात ते बहुतेक बाइकवर येऊन नशा करणारे टोळभैरव, घरं असलेले. भिंतीशी पोरंबाळं घेऊन झोपलेली बाई उलट तुमच्यापेक्षा जास्त घाबरलेली असते त्याच पोरांना. आमच्या इथली तर सकाळी ओळखीच्या काकूंना सांगायची, "दीदी, आज उधर से मत जाना, रात को वो लड़के थे."

शेकोट्या पेटवतात, आग लागली तर?

ही काळजी खरी आहे. शहरात धूर आणि प्लास्टिक जाळणं, रात्री पारा पाच-सहावर गेला की हाताला लागेल ते जाळतात. टेकडीवर मात्र फेब्रुवारीनंतर सगळं गवत वाळलेलं असतं आणि मोहाखालचा पाला साफ करायला आग लावायची जुनी पद्धत आहे, ती पसरते. धूर दिसला तर जवळच्या वनचौकीला किंवा ११२ ला कळवा. आणि आपल्यातले जे दाल-बाफले करायला गोवऱ्या घेऊन तिंछाला जातात त्यांनीही निखाऱ्यांवर पाणी ओतून या, राख हाताला गार लागेपर्यंत.

पैसे द्यावेत का? ऐकलं भीक दिली तरी केस होते.

ऐकलं ते बरोबर. कलेक्टरच्या आदेशाने १ जानेवारी २०२५ पासून इंदूरात भीक मागण्यासोबत देणाऱ्यावरही गुन्हा, कळवणाऱ्याला हजार रुपये बक्षीस, आणि देणाऱ्यांवर गुन्हे नोंदलेही गेले. केंद्राच्या भिक्षामुक्तीच्या योजनेत पहिल्या दहा शहरांत इंदूर होतं. असे आदेश बीएनएसएसच्या (सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १६३ खाली निघतात आणि त्यांची मुदत दोन महिन्यांची, पुढे राज्य सरकार वाढवू शकतं, म्हणून सध्या काय चालू आहे ते बघून घ्या.

मला विचाराल तर सिग्नलवर मुलांच्या हातात पैसे देऊ नका, आदेश असो वा नसो, कारण मग ते मूल शाळेत जात नाही. बाकी भूक लागलेल्याला दीनदयाळ रसोईचा पत्ता सांगा, पाच रुपयात पूर्ण जेवण मिळतं.

ग्रुपतर्फे ब्लँकेट वाटायचे आहेत.

वाटा, पण आधी विचारा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एकेकाला चार-चार ब्लँकेट मिळतात, फोटोसकट, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या थंडीत एकही नाही. दिवसभर ते ठेवायचं कुठे हा प्रश्न असतो, म्हणून तुम्हाला बागेत झाडाच्या बेचक्यात गाठोडी दिसतात, ती कचरा नाही, कोणाचं अंथरूण आहे, माळीदादांनाही सांगा. जास्तीचं झालं की विकतात आणि मग आपण चिडतो. ताडपत्री, जाड पॉलिथिन, मच्छरदाणी, बायकांसाठी पॅड, पायात घालायला काहीतरी, कुलूप लागणारी छोटी पेटी, यांचा खरा उपयोग. आणि कागद प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून द्या, कोणीच देत नाही ते.

बाकड्यांच्या मधे लोखंडी दांडा बसवला तर कोणी झोपणार नाही, मागणी करूया का?

नाही. आपले आबा लोक पण दुपारी आडवे होतात त्यावर.

मुलगा अमेरिकेत पोर्टलंडला आहे, तो म्हणतो तिथे जंगलात तंबूंची वस्ती आहे. एवढ्या श्रीमंत देशात?

हो, खरं आहे. २०२४ च्या जानेवारीतल्या मोजणीत अख्ख्या अमेरिकेत ७ लाख ७१ हजार बेघर निघाले. पोर्टलंडमध्ये स्प्रिंगवॉटर नावाचा चालायचा-सायकलचा ट्रॅक आहे, तिथे शेकडो लोक तंबूत राहायचे, २०१६ ला सगळे उठवले, मग ते शहरभर पसरले.

तिथे जंगलात का, याचं उत्तर गाडी. भाडं परवडेनासं झालं की माणूस कारमध्ये किंवा जुन्या कॅम्परमध्ये राहायला लागतो आणि नॅशनल फॉरेस्टमध्ये बऱ्याच ठिकाणी फुकट कॅम्पिंग चालतं, साधारण १४ दिवस एका जागी, मग पुढे सरका. तिथून तो कामावर गाडीने जातो. आपल्याकडे मजुराकडे गाडी नाही, म्हणून तो चौकाजवळच्या भिंतीला. ओरेगनमध्येच बेंड गावाजवळच्या जंगलाचा मोठा भाग मे २०२५ मध्ये बंद केला, आगीचा धोका कमी करायला झाडी विरळ करायची म्हणून, आणि तिथे वर्षानुवर्षं राहणाऱ्यांना निघावं लागलं.

कोर्टाचंही सांगते, कारण काका लोक विचारतात. २०१८ ला तिकडच्या एका अपील कोर्टाने म्हटलं होतं की शहराकडे निवाऱ्यात जागाच नसेल तर बाहेर झोपल्याची शिक्षा देता येत नाही. २८ जून २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ग्रँट्स पास या छोट्या गावाच्या केसमध्ये ते ६ विरुद्ध ३ ने फिरवलं: दंड करता येतो, ती "क्रूर शिक्षा" होत नाही. त्यानंतर तिथल्या बऱ्याच शहरांनी नियम कडक केले. दंड भरायला पैसे असते तर तो माणूस तंबूत कशाला राहिला असता, हे मात्र बहुमतवाल्यांनी सांगितलेलं नाही.

कचरा कोण करतं?

पातालपानीला सोमवारी सकाळी जा. चिप्सची पाकिटं, बिअरच्या बाटल्या, डिस्पोजल. रेबाऱ्याच्या डेऱ्याच्या जागी फक्त लेंड्या आणि तीन दगडांची चूल सापडते. शहरातल्या भिंतीशी घाण होते हे खरं, पण तिथे टॉयलेट रात्री बंद आणि दिवसा पैसे, तर ३११ वर तीच तक्रार टाका की टॉयलेट रात्रभर उघडं ठेवा, ही तक्रार कोणी टाकत नाही.

रविवारच्या ट्रेकला रस्त्यात डेरा लागला तर रस्ता बदलायचा का?

गरज नाही, पण डेऱ्यामधून जाऊ नका, वरच्या बाजूने वळसा घाला, मेंढ्या बिथरल्या तर दिवस जातो त्यांचा गोळा करण्यात. कुत्री आधी भुंकत येतात, पळू नका, उभं राहून लांबूनच "राम राम सा" म्हणून हाक मारा, कोणीतरी येऊन कुत्र्याला आवरतं आणि पुढचा रस्ता, पाणी कुठे आहे, काल बिबट्या कुठे दिसला हे सगळं सांगतं, आपल्या ॲपपेक्षा बरंच नेमकं. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय नका काढू. आणि उंटासमोर सेल्फी नको, तो चावतो.